काठोकाठ विहीर, कोरडी विहीर

सांगा बरं, एकाच कालव्यावरच्या दोन विहिरी. वरच्या अंगाला रघूकाकांची, ती काठोकाठ. शेवटाला आमची, तिनं तळ गाठलेला. असं का?

मला कोडं सुटत नव्हतं. आईची मोसंबीची झाडं पानं मुडपून उभी होती. या पाळीलाही कालव्याचं पाणी पोचलं नाही, तर बाग जाणार होती.

शेवटी मी टिटवीला घेऊन काकांकडे गेले. टिटवी म्हणजे आमच्या शाळेचा यंत्रमानव. लांब पाय जमिनीत खुपसून ती आतली ओल मोजते. काकांच्या शेतात तिचे पाय चिखलातच रुतले. ऊस पिवळा पडलेला, बांधावर पांढरं मीठ फुललेलं. तरी कालव्याचं दार उघडंच!

"कालव्याचं पाणी मुरून भूजल (जमिनीच्या पोटातलं पाणी) होतं," टिटवी म्हणाली. "इथली विहीर कुणी उपसत नाही, म्हणून ते वर चढतं आणि क्षार (मातीतलं मीठ) मुळांशी आणतं. खाली कालवा पोचतच नाही, म्हणून तिथल्या विहिरी उपसून आटतात. काका, तुमच्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे. ते उसाला द्या, कालव्याचं खाली सोडा. याला संयुक्त वापर (दोन्ही पाणी जोडीनं वापरणं) म्हणतात. तुमची जमीन सुधारेल, खाली पाणी मुरून विहिरी भरतील."

"मग दार बंद करा ना, काका!" मी म्हणाले.

"आगं मंजुळे, पाळी सोडली की हक्क गेला, असं आमचे दादा सांगायचे. उद्या न्हाई दिली मला पाळी, तर?"

म्हणजे काकाही घाबरलेलेच होते! मला वाटलं होतं, भीती फक्त आमच्याच घरात आहे.

"पाळी तुमच्याच नावावर राहू द्या. पाणी तेवढं पुढं जाऊ द्या."

काका पाठ फिरवून उसात शिरले. मी रडवेली होऊन परतले.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी कालव्यातून शेतात येणाऱ्या कोरड्या चारीकडे डोळे लावून बसलो. काकांनी दार लावलं असेल का? लावलं, तरी वाटेत कुणी पाणी वळवलं तर?

दुपारी पाचोळा ढकलत पाणी आलं. त्याच्या बरोबरीनं काठाकाठानं चालत, खांद्यावर फावडं घेतलेले रघूकाका! वाटेतल्या प्रत्येक दारापाशी थांबत ते पाण्याला पोचवायला आले होते.

"माझ्या विहिरीवरची मोटार चालू हाय," ते आईला म्हणाले. "तुमच्या विहिरीचं पाणी वर आलं, की पुढची पाळी कुणी घ्यायची ते टिटवीला इचारून ठरवू."

टिटवीनं पहिल्या मोसंबीपाशी पाय खुपसला. "ओल खाली मुळांपर्यंत उतरतेय," ती म्हणाली, आणि आईनं झाडाचं मुडपलेलं पान हलकेच उलगडून पाहिलं.