कोपऱ्यातला ढेकर

महादेवीला रात्री आडवं होता येत नसे. पाठ टेकली की छातीत आंबट पाणी उसळायचं आणि घसा भाजून निघायचा. मग ती भिंतीला टेकून बसायची. आणि नवरा कोण, तर सोलापुरात ह्याच दुखण्यावर शस्त्रक्रिया करणारा एकमेव सर्जन! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

डॉ. हत्तुऱ्यांची शस्त्रक्रिया ऐकायला सोपी होती. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती फेट्यासारखा गुंडाळायचा आणि टाके घालायचे. आंबट पाणी वर यायची वाटच बंद. त्याबरोबर ढेकर बंद, उलटीही बंद. पण रात्र-रात्र जळणाऱ्या माणसाला ढेकराचं काय कौतुक? सहा-सात वर्षांत त्यांनी कितीतरी जणांचं दुखणं असं बांधून टाकलं होतं. त्यांतलं कुणीच पुन्हा दाखवायला आलं नव्हतं. रोगी परतला नाही म्हणजे बरा झाला, हे डॉक्टर मंडळींचं सोयीचं गणित. परक्यांच्या बाबतीत ते पुरत होतं. स्वतःच्या बायकोला टेबलावर घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र मन कचरलं. सोमवार ठरला होता. त्याआधी जुने रोगी स्वतः बघून यावेत, असं त्यांनी ठरवलं.

पहिलं घर गावातलंच, नबीलाल ट्रकवाल्याचं. त्याची बायको कमरबी दार किलकिलं करून उभी राहिली. आतून कालवणाचा वास येत होता.

"वो ठीक है. तुम जाव."

"मला फक्त पोट तपासायचंय."

"खाने के टैम पे हमारे घर में कोई नक्को," ती म्हणाली, आणि दार इतक्या जोरात लावलं की चौकटीची माती डॉक्टरांच्या कोटावर पडली. डॉक्टरांना राग आला. ज्याचा जीव वाचवला त्याच्याच दारातून हाकलून घ्यायचं म्हणजे काय!

त्या रागातच दुसऱ्या दिवशी त्यांनी जेऊरची गाडी धरली. तिथला जोतीराम हा त्यांचा जुना रोगी; स्टेशनपासून बाभळीच्या कडेकडेने गेलं की त्याची वस्ती लागते. हुरड्याचे दिवस होते. शिवारात माणसांचे आवाज होते, पण जोतीरामच्या अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं.

जोतीराम समोर आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला ओळखलं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी चांगला अंगापिंडानं भरलेला गडी होता. आता खांद्याची हाडं सदऱ्याबाहेर यायला बघत होती. डॉक्टरांनी त्याला बाजेवर झोपवून तपासलं. व्रण स्वच्छ होता आणि पोट मऊ. गाठ कुठेच लागली नाही.

"छातीत जळतं?"

"न्हाय."

"जेवण जातं?"

जोतीरामनं बायकोकडे बघितलं. सोजरबाई उंबऱ्यात उभी होती, पदर दातात धरून.

"बघून झालं न्हवं?" ती म्हणाली. "मग निगा आता. आमची जेवायची येळ झाली."

"मलाही भूक लागलीय," डॉक्टर म्हणाले आणि बाजेवर ठाण मांडून बसले. भूक लागली म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवायची रीत त्या घरात नव्हती. सोजरबाईनं भाकरी थापायला घेतली ती परातीवर सूड उगवल्यासारखी.

तिनं तीन ताटं केली. एक डॉक्टरांना, एक नवऱ्याला. तिसरं तिनं ज्वारीच्या कणगीमागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नैवेद्य म्हणावा तर तो एवढा नसतो. दोन भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, शेजारी पाण्याचा तांब्या. ती स्वतः चुलीजवळ बसून राहिली. जोतीराम मान खाली घालून जेवत होता. त्यानं ताटात हात धुतला तरी कुणी हललं नाही.

मग कणगीमागून ढेकर आला.

भरल्या पोटाचा, सावकाश, लांबलचक. आंबूस वास खोलीभर पसरला. सोजरबाईनं श्वास सोडला आणि स्वतःला वाढून घेतलं.

डॉक्टर तडक उठले. कणगीमागे हातभर जागा होती. पांढऱ्या मातीची भिंत, खाली ताट. ताटातली भाकरी होती तशीच होती, कोरसुद्धा मोडलेली नव्हती.

"कोण आहे इथे?"

सोजरबाईला एकदा वाचा फुटली ती थांबेचना. "तुमीच करून ठिवलंय आन् तुमीच इचारताय? धन्यानं ढेकर दिल्याबिगर मी कंदी घास घेतला न्हाय. आईची शिकवण हाय. तुमी ह्यांचा ढेकर बांदला. मी उपाशी बसायची. कवा आठ वाजायचं, कवा धा. एक दिस जीव कासावीस झाला, भितीकडं बगून बोलले, अगं बाई, कुनी तरी द्या की ढेकर! तर आला. आदी बरं वाटलं. मग त्ये ताट मागाया लागलं."

"आणि नाही वाढलं तर?"

"बहात्तरच्या दुष्काळात न्हाय वाढलं," जोतीराम प्रथमच आपणहून बोलला. "आमीच खडी फोडून सरकारी सुकडीवर जगत हुतो. सकाळी गोठ्यात वासरू पडलं हुतं. कुटं जखम न्हाय, रगात न्हाय. उचललं तर निस्तं कातडं, सायेब. आत कायबी न्हवतं."

"तवापासनं त्येच्या वाटचं सुकडीतनं काडलं," सोजरबाई म्हणाली. "त्येचं उष्टं कुनी खाईत न्हाय. बाभळीखाली पुरून टाकतो."

डॉक्टर हसले. मनातून हादरले होते म्हणूनच जरा मोठ्यानं हसले. शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं, भीती वाटली की त्याला काहीतरी सिद्ध करून दाखवावंसं वाटतं. "अहो, भाकरी शाबूत आहे. कुणी खाल्लंय काय इथे? हे बघा," असं म्हणून त्यांनी कणगीमागचं ताट पुढे ओढलं.

सोजरबाई त्यांचा हात धरायला झेपावली. जोतीरामनं तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी पिचली.

"खाऊ दे त्येस्नी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला आणि तोंडात टाकला. शेंगाची चटणी, वर लसूण, तिखट डोळ्यांना दिसत होतं. पण चव नव्हती. मीठ नाही, तिखट नाही, भाजल्या पिठाचा वाससुद्धा नाही. हट्टानं त्यांनी तो घास गिळला.

मग जोतीरामचा गळा हलला. त्यानं छातीवर हात ठेवला आणि त्याला ढेकर आला. त्याचा स्वतःचा.

सोजरबाई ढसाढसा रडायला लागली. जोतीराम उठला, त्यानं डॉक्टरांची बॅग अंगणात नेऊन ठेवली.

"जावा आता," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत दया नव्हती. "हिकडं पुन्यांदा येऊ नका."

गाडीत डॉक्टरांना भूक लागली. त्यांनी स्टेशनावर घेतलेली भजी संपवली, केळी संपवली. पोट तटतटलं, पण भूक काही हलली नाही. वाऱ्याचा गोळा छातीपर्यंत चढे आणि तिथेच अडे. सोडावॉटरची बाटली प्यायले तरी ढेकर येईना. त्यांच्या पोटात तर कुणी कधी टाके घातले नव्हते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. एक गोष्ट त्यांनी वाटेतच पक्की केली होती.

"सोमवारची शस्त्रक्रिया रद्द," ते म्हणाले.

महादेवीचा चेहरा पडला. "म्हणजे मी जन्मभर भिंतीलाच टेकून बसायचं?"

"औषधं बदलून बघू. तुला हात लावणार नाही मी."

तिनं रागारागानं बाहेरच्या खोलीत त्यांचं ताट मांडलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. डॉक्टर जेवले. जेवताना त्यांना वाटलं, आपण हिला वाचवलं.

मग आतली शांतता त्यांच्या ध्यानात आली. भांड्याचा आवाज नाही, पळीचा नाही. महादेवीही अक्कलकोटच्या जुन्या वळणाच्या आईची लेक. लग्न झाल्यापासून ती त्यांचा ढेकर ऐकल्यावरच पान घ्यायची, तेही त्यांच्याच उष्ट्या ताटात. इतकी वर्षं रोज घडणारी गोष्ट. त्यांनी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्यांनी ढेकर द्यायचा प्रयत्न केला. पाणी प्यायले. छाती चोळली. काही केल्या येईना.

"महादेवी! तू वाढून घे. थांबू नकोस."

"थांबलेय कुठे?" आतून तिचा आवाज आला. राग निवळलेला, भरल्या तोंडाचा. "ऐकला की ढेकर."

डॉक्टर उठले. त्यांचं उष्टं ताट त्यांच्या पाटापुढे तसंच होतं.

स्वयंपाकघरात, रांजणामागच्या कोपऱ्यात, महादेवी भिंतीकडे तोंड करून जेवत होती.

"हे कुणाचं ताट?"

"असं काय करता? तुमचंच की. आत्ता आत येऊन बसलात, अजून भूक आहे म्हणालात. वाढलं तर हात न लावता ढेकर देऊन उठलात." तिनं आणखी एक घास घेतला, चावला, आणि कपाळाला आठी घातली.

"पण अहो, मीठ घालायला विसरले का मी? कशालाच चव नाही."