शांततेतला दाब

"एकशे दहा! परत तेच!" पडद्याकडे बघून डॉ. केतकी बिराजदारने कपाळावर हात मारला. "दाब याच्या निम्मासुद्धा नसायला हवा."

सोलापूरच्या बालमूत्र प्रयोगशाळेत सकाळपासून हेच चाललं होतं. टेबलावर सात महिन्यांचा गुंडू पाय झाडत होता. त्याच्या मूत्राशयात तिळाएवढा दाबकण सोडलेला होता. लघवी होताना आत किती दाब येतो, ते हा कण कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींतून यंत्राला सांगायचा. यंत्राचा कान इतका तिखट, की कुणी बोललं तरी आकड्यांचा चिवडा! म्हणून मोजणी चालू असताना सगळ्यांनी गप्प बसायचं, हा पहिला नियम.

"मार्गात अडथळा नाही, कॅमेऱ्याने पाहिलंय," केतकी वैतागली. "पिशवी जोर लावतेय आणि खालचा स्नायू दारच उघडत नाहीये. असंच चाललं तर लघवी उलटी चढून मूत्रपिंडं जातील."

"म्हणून तर लघवी बाहेर काढायला सर्जन उद्या पोटाला छिद्र पाडणार आहेत," यंत्र बनवणारा इरफान मुजावर पुटपुटला. "चल, परत एकदा. शांतता!"

गुंडूच्या आईचा, रेवतीचा, धीर सुटला. "एवढ्याशा लेकराच्या पोटाला भोक? आणि मी नुसतं गप बसू होय? घरी कसं छान करतोय की ओ!" ती बाळावर वाकली. "शूऽऽऽ... कर माझ्या राजा, शूऽऽऽ..."

पडद्यावर रेघांचं जाळं झालं.

"ओ ताई! घालवलंत सगळं रीडिंग!" इरफान ओरडला, तोवर गुंडूची जोरकस धार त्याच्या शर्टावर!

केतकीही ओरडणार होती. पण तिने एकदम पाय आवळले. सकाळपासून ती जागची हलली नव्हती हे खरं, पण इतकी घाईची नेमकी आत्ताच का लागावी?

"इरफान! जन्मल्यापासून दर वेळी हा आवाज ऐकून तो स्नायू सैल सुटायला शिकतो. माझा अजून सुटू बघतोय! आणि आपण गुंडूच्या आईलाच गप्प बसवलं. हा दाब आजाराचा नाही, आपल्या शांततेचा आहे!"

"सिद्ध कसं करणार? आवाज केला की यंत्र बहिरं, आणि आकड्याशिवाय सर्जन ऐकायचे नाहीत."

"कणाने लगेच बोलायलाच हवं का? आकडा लक्षात ठेवू दे, आवाज थांबल्यावर सांगू दे."

"हे मला आधी का नाही सुचलं!" चरफडत इरफानने कणाला नवी आज्ञा दिली.

रेवतीने गुंडूला दूध पाजलं. गुंडू कधी करेल याचा नेम नव्हता, त्यामुळे केतकीला हलता येईना. शेवटी तो चुळबुळला. रेवतीने पुन्हा मनसोक्त "शूऽऽऽ" केलं. धार थांबली, मग सगळे गप्प झाले आणि कण बोलला.

चाळीस.

रेवतीने लेकराला छातीशी घट्ट धरलं. "उद्याचं ऑपरेशन थांबवा, रीडिंग पाठवलंय," केतकीने फोनवर सर्जनना घाईघाईने सांगितलं आणि बाहेर धूम ठोकली.

मजल्यावरच्या एकुलत्या एक स्वच्छतागृहाचं दार आतून बंद! ती फोनवर असतानाच इरफान आत घुसला होता; शेवटी तोही सोलापुरातल्याच कुठल्या तरी आईच्या मांडीवर ‘शूऽऽऽ’ ऐकत वाढला होता.

"इरफान, बाहेर ये लवकर!" तिने दारावर थापा मारल्या. "इकडे दाब वाढतोय!"