धोक्याची पातळी आणि आमचा गोलकीपर

आधी चेंडू आला, मग तो.

मी पुलाच्या कडेला वाकून नदीची पातळी वहीत टिपत होते. शेजारच्या मैदानातून चेंडू थेट माझ्या छत्रीवर आदळला आणि छत्री गेली नदीत. मागोमाग चिखलानं माखलेला एक ताडमाड मुलगा धापा टाकत आला.

"सॉरी… लागलं का?"

"मला नाही. छत्री मात्र गेली वाहून. आणि चेंडू अडवायला शिका जरा. गोलकीपर ना तुम्ही?" त्याच्या हातमोज्यांकडे बघत मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. "सामन्यात अडवतो. इथं… लक्ष दुसरीकडे होतं."

कॉलेजात त्याला सगळे 'शिडी' म्हणायचे, उंचीमुळे. मी भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होते. रोज दोनदा पातळी वाचून पूर नियंत्रण कक्षाला फोनवर कळवायची, हा माझा प्रकल्प. माझ्याहून वर्षानं मोठा, तिथंच एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेला दादा कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान. जेवताना मी सहज शिडीचा विषय काढला, तर दादानं ताटावरून मान वर केली. "गोलकीपर चांगला आहे. बाकी चौकशी कशाला?"

त्या वर्षी निसर्गानं आमचा पिच्छाच पुरवला होता. पहिला सामना कसाबसा एका गोलानं जिंकलो आणि चारच दिवसांत वादळ झालं. मैदानावरचं पत्र्याचं छप्पर उडालं, गोलचा खांब वाकला. पोरांनी दोर लावून तो सरळ केला आणि त्याच मैदानावर दुसरा सामना शेवटच्या मिनिटाला जिंकला. मग पूर आला. मैदानावर कमरेएवढं पाणी. संघानं दोन दिवस दवाखान्यातले रुग्ण उचलून वरच्या मजल्यावर नेले, वाचनालयाच्या ओसरीत सराव केला आणि उपांत्य सामना पेनल्टीवर मारला. शेवटचा फटका शिडीनं अडवला. एकही सामना सुखाचा नाही! आईनं तर निकाल ऐकण्याआधी खुर्चीत बसायची सवयच लावून घेतली होती.

शिडी रोज सकाळी पुलावर यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"आज किती?"

"कालपेक्षा दोन बोटं कमी."

"पाण्याचं नाही विचारलं. तुझा राग किती उरलाय?"

"तो अजून धोक्याच्या पातळीवर आहे," मी म्हणायचे आणि हसू लपवायला वहीत डोकं खुपसायचे.

अंतिम सामन्याच्या सकाळी दहा वाजता मी पातळी वाचली, तर ती हातभर चढली होती. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. दुपारपर्यंत खालच्या वस्तीजवळच्या बांधावरून पाणी जाणार होतं. नियंत्रण कक्षात फोन केला, तर दरड कोसळून त्यांच्याकडचा रस्ता बंद, त्यांची माणसं अडकलेली.

मी धावत कॉलेजच्या फाटकाशी आले. बस सुरू होती. संघ बॅगा घेऊन उभा. सामना दोन तासांच्या अंतरावर, चार वाजता. बोलले तर यांचं वर्षभराचं स्वप्न माझ्या तोंडून मोडणार होतं…

दादानं माझा चेहरा बघितला. "किती?"

"बांधावरून जाईल, दादा. वाळूची पोती रचायला माणसं नाहीत."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात शिडीनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"सर, फायनल पुढच्या वर्षीही असते."

धप्, धप्, धप्… एकेक करत सगळ्या बॅगा खाली आल्या.

दीड वाजेपर्यंत ते पोती भरत, वाहत, रचत होते. वस्तीतली माणसंही कंबर कसून उतरली. पाणी वरच्या पोत्याला टेकलं… थांबलं… आणि अडीचच्या सुमारास ओसरू लागलं. एकाही घरात शिरलं नाही.

"अजून बस उभी आहे," सर म्हणाले. वस्तीनं पोरांना अक्षरशः ढकलून बसमध्ये चढवलं. मलाही.

समोरच्या संघानं आमच्यासाठी अर्धा तास सामना थांबवला होता. आमची पोरं जीव तोडून खेळली. एक-एक. मग अगदी शेवटी एक फटका आला. शिडी झेपावला, चेंडू बोटांना लागला, आणि तरी आत गेला.

हरलो आम्ही. पण त्यांचा कप्तान शिडीला उठवायला आला, हातमोजे काढल्यावर दिसलेले शिडीचे फोड फुटलेले तळवे त्यानं पाहिले आणि मागे वळून आपल्या संघाला हाक मारली. ते अकराच्या अकरा रांगेत उभे राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवू लागले. मग सगळं मैदान उठलं. हरून इतकी ताठ मान मी कुणाची पाहिली नव्हती.

नंतर मैदानाच्या कडेला मी शिडीच्या हाताला पट्टी बांधत होते.

"चेंडू बोटांना लागला होता गं…"

"पाहिलं मी."

"हरलेला गोलकीपर… चालेल तुला?"

"जिंकलेले पुष्कळ असतात," मी म्हणाले. "मला हाच हवा आहे."

मागून दादाचा घसा खाकरल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही दचकलो.

"पट्टी नीट बांध," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मला हे हात लागणार आहेत."

गाठ केव्हाच बसली होती. तरी बसपर्यंत, सगळ्यांच्या देखत, मी तो हात सोडला नाही.