चौथ्या सेवेची पोच

मे महिन्यात यवतमाळला आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्यामुळे माझ्या रेडिओच्या खोलीची भिंत घोट्याच्या उंचीपर्यंत ओली दिसली, तेव्हा कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझीच हजेरी घेतली. "टाकीत ठणठणाट, आणि तुम्ही भिंती धुता?"

मी काही धुतलं नव्हतं. मी निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, भुताखेतांना कधी दारात उभं केलं नाही. हौस एकच, हॅम रेडिओ. यवतमाळ, कळंब आणि राजूर या तीन ठिकाणच्या यंत्रांवरून आम्ही एकमेकांना लेखी संदेश पाठवायचो. त्याला इंटरनेट लागत नाही की मोबाइलचा टॉवर; कळंबचं यंत्र मधे नुसतं संदेश पुढे ढकलायचं. आम्ही म्हणजे मी आणि राजूरचे पुंडलिकराव. घरची कापूस-तुरीची शेती, शिक्षण बारावी, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. हे तेव्हा माझ्या जिभेवर आलं नसतं.

आधी या जाळ्यातून नुसत्या गप्पा जायच्या. पुंडलिकरावांनी युक्ती काढली, प्रत्येक संदेशाच्या कपाळावर एक आकडा लावायचा. एक म्हणजे गप्पा, दोन म्हणजे पावसाची नोंद, तीन म्हणजे टपाल. यंत्र तेच, सेवा तीन. चौथा आकडा त्यांनी संकटातल्या हाकेसाठी ठेवला होता. तो आला की भोंगा वाजायचा. ही सगळी योजना मी नागपूरच्या एका परिषदेत माझ्या एकट्याच्या नावावर वाचली. त्यांनी फोन केला. "सर, आमचं नाव लिहाले शाई कमी पडली काय?"

बोलणं झोंबलं. त्याच रागात मी माझ्या यंत्रातून त्यांची चौथी सेवा काढून टाकली. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली नाही. संदेश मिळाल्याची पोच यंत्र आधी देतं, आकडा नंतर वाचतं.

पुढच्याच महिन्यात राजूरच्या नाल्याला पूर आला. टॉवर बंद पडले. पुंडलिकरावांनी चौथ्या आकड्यावर होडी मागितली. माझ्या यंत्राने पोच दिली आणि मग 'सेवा अनोळखी' म्हणून ती हाक फेकून दिली. भोंगा वाजला नाही. मी शेजारच्या खोलीत भजी खात होतो.

तेराव्याला त्यांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, मला सांगितलं, "मी माळ्यावर चढली. ह्यायले म्हटलं, तुमी बी या. तर म्हने, पोच आली, सरायनं वाचलं, होडी येते. काही इचारतीन तर मशिनीपाशी कोनी पायजे. खालीच बसून राह्यले."

मी मान हलवली. घरी आलो आणि यंत्रातली ती नोंद पुसून टाकली.

याला दोन वर्षं झाली. यंदा भिंत ओली झाली त्याच दुपारी पडद्यावर अक्षरं उमटली. पाठवणाऱ्याच्या जागी पुंडलिकरावांचं कॉलसाइन, म्हणजे त्यांच्या रेडिओचं ओळखनाव होतं. आकडा पाच. "पानी घोट्यापावतर." पाचवी सेवा आम्ही कधी ठरवलीच नव्हती. तरी माझ्या यंत्राने पोच दिली.

कळंबच्या यंत्रात अडकलेलं जुनं काही सुटलं असेल, असं म्हणून दुसऱ्या दिवशी कळंब गाठलं. गच्चीवरचं ते यंत्र तीन दिवसांपासून बंद होतं. राजूरचं तर पुरातच वाहून गेलेलं. परतलो तर पडद्यावर आकडा सहा. "पानी गुडघ्यापावतर." भिंतीवरची ओल गुडघ्याएवढी झाली होती, वरचा काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ. बोट लावून हुंगलं. राजूरच्या नाल्याला येतो तसा कोळशाच्या गाळाचा वास होता.

मी पोच देणारा भागच काढून टाकला. सात आला. "पानी कमरेपावतर." पोच गेली.

अँटेनाची तार कापली.

आठ आला. "पानी छातीपावतर."

पोच गेली, आणि कोरड्या खोलीत, कोरड्या कपड्यांत मला श्वास घेता येईना.

कुंदाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "त्या बाईसमोर जाऊन बोला," ती म्हणाली. "तोवर माझ्याशी बोलू नका."

राजूरला दुपारी बाराला उतरलो. नाला कोरडाठाक होता, त्यात बकऱ्या बसल्या होत्या. कोकिळाबाईंनी खुर्ची दिली. मी एका दमात सांगून टाकलं. नाव खाल्लं, सेवा काढली, नोंद पुसली. लाज वाटते सांगायला, पण मला हलकं वाटलं.

ऐकताना त्यांचे हात थांबले नव्हते. पिठाचा डबा शिडीने माळ्यावर गेला. गाद्या गेल्या. देव्हाऱ्यातले देव पदरात गुंडाळून तेही वर गेले.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"नाही करत, सर." आवाज चढला नाही.

"हे सगळं वर कशाला नेताय?"

"भिजन ना."

"मे महिना आहे, बाई."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "नऊ याचा राह्यला ना, सर?"

यंदा आलेल्या आकड्यांचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

मी उठायला गेलो. पाय उचलेनात, पाण्यातून चालताना होतात तसे जड झाले होते. वाकून निदान खुर्चीखालची पिशवी तरी उचलावी म्हटलं.

"राहू द्या ते खालीच," त्या म्हणाल्या.

मग त्या माळ्यावर चढल्या, आणि शिडी वर ओढून घेतली.