मधोमध इंजिन

दोष सिरिल प्रॉबर्टचा. आधीच सांगितलेलं बरं, कारण कोम्बरी गावात लोक अजून धुक्याला दोष देतात, एडविन टेगच्या वयाला देतात, पण सिरिलचं नाव कोणी घेत नाही. निवृत्त हेडमास्तर ना तो! हेडमास्तर कधी चुकत नाहीत. चुकतात ती पोरं.

चर्चमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी गावातले म्हातारे जमायचे आणि गावची बंद पडलेली रेल्वे टेबलावर चालवायचे. खरे रूळ कधीच उखडून नेले होते. टेबलावर मात्र सगळं जागच्या जागी होतं. रंगवलेल्या भुशाचं गवत, पुठ्ठ्याचं स्टेशन, मागे फळीवर रंगवलेलं आभाळ. खऱ्या जगात कुणी विचारेना, म्हणून यांनी बोटभर उंचीचं जग केलं आणि त्यावर हुकूम गाजवत बसले. त्यातही हुकूम सिरिलचा. ज्या गाडीचा खरा फोटो नाही, ती गाडी टेबलावर चालणार नाही.

एडविन त्या लाइनीवर गार्ड होता. गावाने जत्रेसाठी ते टेबल मांडायचं ठरवलं, तेव्हा त्याने घरून एक खोकं आणलं आणि रुळांवर गाडी जोडली. एक डबा, मग इंजिन, मग पुन्हा एक डबा.

"हे काय रे एडविन? नातवाने जोडलं का?" टेबलाभोवतीच्या म्हाताऱ्यांतला नॉर्मन हसला.

"मला कुठला नातू..."

"मग इंजिन मधोमध कसं? सँडविच आहे का गाडी आहे?"

"शेवटच्या दिवशी अशीच धावली. बर्फाने रूळ बदलायचे सांधे गोठले होते, इंजिन फिरवून पुढे घेता येईना. म्हणून एक डबा पुढे राहिला, एक मागे."

सिरिलने चष्मा पुसला. "दुसऱ्या लाइनींवर असतील असल्या गाड्या. आपल्या लाइनीवर नाही. फोटो आहे?"

"त्या बर्फात फोटो काढायला कोण येणार, सिरिल?"

"फोटो नाही, म्हणजे गाडी नाही. उचल ती."

याचा अर्थ काय होतो ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या शेवटच्या गाडीत एडविनची बायको मेव्हिस पुढच्या डब्यात बसली होती. गाडी पोचली तेव्हा डबा रिकामा होता आणि एक दार उघडं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. तेव्हापासून गाव एकच विचारत आलं: तू गार्ड होतास ना, गाडीभर फिरून बायकोकडे एकदा बघितलंस का नाही? आणि एडविनचं एकच उत्तर होतं. मध्ये इंजिन होतं. एका डब्यातून दुसऱ्यात जाताच येत नव्हतं. ते उत्तर जत्रेत गावाने एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

सिरिलने तेही उचलायला लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी एडविन सिरिलकडे चहाला यायचा. सिरिलची बायको वारलेली, मुलगे कॅनडात, नाताळला कार्ड पाठवून मोकळे. बाकी आठवडा सिरिल रेडिओशी भांडायचा. माणूस म्हणावा असा एडविनच काय तो यायचा. त्या रविवारी तो आला, पण कोट न काढता दारातच उभा राहिला.

"चल. कॅमेरा घे."

"कुठे?"

"जुन्या स्टेशनावर. तुला फोटो हवाय ना?"

"अरे, तिथे रूळ तरी आहेत का, खुळ्या!"

"नाहीत. चल."

सिरिल गेला. मित्रासाठी नाही, त्याला खोटं पाडायला. प्लॅटफॉर्म तेवढा उरला होता, कडेने काटेरी झुडपं वाढलेली. धुकं इतकं दाट की प्लॅटफॉर्मचं दुसरं टोक दिसेना. दुपार होती, पण उजेड उतरणीला लागलेला. कावळा नाही, वारा नाही. दोघं थर्मासमधला चहा पीत बाकावर बसले.

"थंडी वाजतेय. जाऊ या," सिरिल म्हणाला.

"थांब... वास आला का?"

कोळशाच्या धुराचा वास. ओला, कडवट. मग खालून, जिथे नुसती खडी आणि गवत होतं तिथून, रूळ थरथरल्याचा आवाज. धुक्यात आधी दोन पिवळ्या खिडक्या उमटल्या, मग पूर्ण डबा. त्यामागे इंजिन, भट्टी लाल, पण भट्टीपुढे कोणी नाही. त्यामागे दुसरा डबा. गाडी इतकी आखूड, इतकी नीटस, की कुणीतरी वरून दोन बोटांनी धरून ठेवल्यासारखी थांबली.

पुढच्या डब्याचं एक दार उघडं होतं.

"एडविन... हे..."

"माझी जागा मागे," एडविन हळूच म्हणाला. "त्या दिवशी मी माझ्या जागेवर बसलो. आज पुढे बसतो."

"जाऊ नकोस. एडविन, अरे..."

"काढ ना फोटो. नियम तुझाच."

एडविन पायरीपाशी जरा थांबला. हात धरण्याइतका वेळ होता. पण सिरिलचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. गाडी अख्खी चौकटीत मावेना, म्हणून तो दोन पावलं मागे सरकला. मागे! खटका दाबला. दार लागलं. धुकं मिटलं. खडीवर काही नव्हतं, फक्त थर्मासचं झाकण बाकावर वाफाळत होतं.

पोलिसांनी रान पालथं घातलं. काही मिळालं नाही. फोटो धुऊन आला तेव्हा सिरिल तो घेऊन धावत हॉलमध्ये गेला.

"बघा. होती. डबा, इंजिन, डबा. एडविन खरं बोलत होता."

नॉर्मनने फोटो दिव्याखाली धरला. "झकास! पण सिरिल, हा टेबलावरचा आहे."

"मी स्वतः काढलाय, स्टेशनावर!"

"अरे गवत बघ, रंगवलेला भुसा. मागे आभाळात फळीचा सांधा दिसतोय. आणि प्लॅटफॉर्मवर हा बाहुला तुझा केलाय वाटतं? मफलर हुबेहूब. डोळ्याला कॅमेरासुद्धा लावलाय."

सिरिलने बघितलं. होता.

"खरा फोटो असेल तर आण," नॉर्मन म्हणाला. "नियम तो नियम."

म्हातारे घरी गेले. सिरिल एकटाच टेबलापाशी वाकला. पुठ्ठ्याचा प्लॅटफॉर्म रिकामा होता. नाही, अगदीच रिकामा नव्हता. कडेला, बाहुल्याचे पाय चिकटवायला लावतात तसे डिंकाचे दोन ठिपके होते. त्याने बोट लावलं. ओले.

रविवारी तो अजून दोन कप मांडतो. एकच माणूस यायचा त्याच्याकडे. आता तोही येत नाही.