चार नंबरची काच

बसा. खिडकी लावून घ्या आणि ती मापांची वही इकडे द्या. आज जिन्याची रुंदी तुमच्यापैकी कुणीतरी अंदाजाने लिहिली आहे. नाव विचारत नाही, अक्षर ओळखतो. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात बसून डॉक्टरांची अक्षरं लावली आहेत मी, तुमचं काय घेऊन बसलात. उद्या पुन्हा टेप लावा. रागावलेलो नाही. रागावलो असतो तर चहा दिला नसता.

पण यावरून एक झालेली गोष्ट सांगतो. ज्याला घाई आहे त्याने आत्ताच निघावं. मध्येच उठून गेलेलं मला आवडत नाही, आणि नंतर तो जिना एकट्याने उतरणं तुम्हालाही आवडणार नाही.

आपल्या मंडळात तेव्हा आम्ही सातजण होतो. जुन्या इमारतींची मापं काढायची, नकाशे करायचे, पालिकेला पत्रं पाठवायची आणि उत्तर आलं नाही की तीच पत्रं पुन्हा पाठवायची. ‘सात रिकामटेकडे’ म्हणायची माझी बायको. त्यातला एक नकाशेवाला. शाळेपासूनचा माझा मित्र, जन्मभर नकाशे काढण्याचीच नोकरी केलेला. नकाशात सूतभर फरक राहिला तर त्याला रात्री झोप लागायची नाही. पत्ते खेळताना हातात काय आहे ते त्याच्या तोंडावर दिसायचं, इतका सरळ माणूस. म्हणून त्याने जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, जुन्या तार कचेरीच्या तळमजल्यावर शिवणवर्ग चालवायच्या. सव्वीस वर्षं. बावीस बायका, बावीस मशिनं. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा असून नसल्यासारखा. त्या एका खोलीवर बावीस घरं चालायची. उजेड चांगला म्हणून सगळी मशिनं उत्तरेच्या भिंतीशी ओळीने मांडलेली. आणि त्याच भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

पालिका म्हणाली, पाडतो. आम्ही म्हणालो, भेग जुनी आहे, भिंत केव्हाच स्थिरावली आहे. बरीच हमरीतुमरी झाली आणि शेवटी तोड निघाली. सहा महिने काचा लावून बघायचं.

म्हणजे असं, की भेगेच्या दोन काठांवर बोटभर रुंदीची पातळ काचपट्टी आडवी बसवायची. दोन्ही टोकं चुन्यात पक्की. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते. काचेवर, ती बसवली त्या दिवसाची तारीख कोरलेली असते. सहा महिन्यांत एकही तडकली नाही तर इमारत राहणार. एक जरी तडकली तर त्याच दिवशी कळवायचं आणि खोली रिकामी करायची. त्या कागदावर आम्ही सातहीजणांनी सह्या केल्या होत्या.

काचा कशा लावायच्या ते आम्हाला गवंडीकाकांनी शिकवलं. काका सत्तरीच्या पुढचे. गुडघे कामातून गेलेले, शिडी चढवेना. म्हणून भिंतीशी नकाशेवाला आणि त्याच्या मागे काका. हा मागे न बघता हात करायचा आणि काका त्या हातात चुना लावायची थापी ठेवायचे. काच बसली की काका विचारायचे, “तारीख?” हा मोठ्याने सांगायचा, मगच काच कापायच्या हिऱ्याने कोरायचा. वीस मे. सातही काचांवर.

सप्टेंबरात काका गेले. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी नकाशेवाला एकटाच काचा बघून यायचा.

सोळा नोव्हेंबर, शनिवार. बुधवारी मुदत संपणार होती आणि पालिकेचा इंजिनिअर शेवटचं बघून जाणार होता. वहिनींनी बायकांना सांगूनही टाकलं होतं की खोली राहिली. बायकांनी आनंदाने खिडक्यांना नवे पडदे शिवायला घेतले होते. आणि त्या संध्याकाळी, चार नंबरची काच मधोमध तडकलेली.

त्याने कुणाला सांगितलं नाही. मला नाही, वहिनींना नाही. रात्रभर स्वतःचीच समजूत घालत बसला. एखादं पाखरू आपटलं असेल. मशीन सरकवताना धक्का लागला असेल. सहा महिने उभी राहिलेली भिंत चार दिवसांत कुठे पळून जाते? आपल्या लोकांची ही खोडच आहे. इमारतीवर जीव जडला की तिचं दुखणं आपण घरच्या माणसाच्या दुखण्यासारखं चारचौघांपासून लपवतो.

रविवारी, सतरा नोव्हेंबरला, रात्री पावणेदहाला तो घरातून निघाला. “वर्गातला पंखा चालू राहिलाय वाटतं, बघून येतो,” असं वहिनींना म्हणाला. पिशवीत नवी काचपट्टी, हिरा, पत्र्याच्या डब्यात कालवलेला चुना, थापी, फडकं. कोपऱ्यावरचा दुकानदार शटर ओढत होता. त्याने विचारलं, “आज इकडे कुठे?” “पंखा,” हा म्हणाला. पाच मिनिटांत दुसऱ्यांदा खोटं. त्याला स्वतःलाच वाटलं, जमतंय की आपल्याला.

कुलूप काढून तो आत गेला आणि दार लोटून घेतलं. रस्त्यावरून दिसेल म्हणून दिवा लावला नाही. फोनची बॅटरी लावून फोन एका मशीनला टेकवून ठेवला, उजेड भिंतीवर पडेल असा. खोलीत मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास होता. मशिनांवर झाकणं घातलेली.

चार नंबरची काच उभ्या माणसाच्या छातीशी येते, त्यामुळे शिडीची गरज नव्हती. त्याने तुकडे काढून खिशात टाकले. जुना चुना खरवडला. दगडावर पाणी शिंपडलं. हात चालायला लागले तसं त्याला बरं वाटायला लागलं. काम ओळखीचं असलं की माणूस त्यात रमतो, मग ते काम कसलं का असेना.

चुना लावला. काच टेकवली. डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरली. उजवा हात मागे केला.

“थापी.”

थापी हातात आली.

त्याने एका टोकाचा चुना सारखा केला. मग दुसऱ्या टोकाचा. जास्तीचा काढून टाकला. थापी मागे धरली. ती हातातून घेतली गेली.

फडक्याला बोटं पुसली. पिशवीतून हिरा काढला. आणि मग...

मग त्याला कळलं.

भिंतीवर त्याची सावली पडली होती. एकट्याची. दुसरी नाही.

रस्त्याचा आवाज थांबला होता. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. वळली नाही.

मागे पत्र्यावर लोखंड घासलं. डब्याच्या काठावर थापी पुसावी तसं. एकदा. मग पुन्हा एकदा.

मग शांत...

मग, अगदी रोजच्या आवाजात,

“तारीख?”

त्याने हिरा काचेला टेकवला. टोक काचेवर थडथड वाजायला लागलं. वीस मे म्हणायचं होतं. त्यासाठीच तर आला होता. तोंड उघडलं...

“तारीख?”

आता जवळून. मानेला गार लागलं. ओल्या चुन्याचा वास.

“वीस...”

पुढे काही येईना.

मागे कुणीतरी थांबलं होतं. घाई नव्हती. काका असेच थांबायचे.

...

किती वेळ गेला ते त्याला आजही सांगता येत नाही.

“सतरा,” तो म्हणाला. “सतरा नोव्हेंबर.”

मागे कुणीतरी श्वास सोडला. बस, तेवढंच. आणि फोनचा उजेड गेला.

तो कसा बाहेर पडला, देव जाणे. कुलूप नाही, फोन नाही, पिशवी नाही. घरी पोहोचला तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. वहिनी जाग्याच होत्या.

“पंखा बंद केलात?”

“चार नंबरची काच तडकली आहे,” तो म्हणाला. “कालच. मी ती बदलायला गेलो होतो.”

वहिनींनी पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवला. तो संपेपर्यंत थांबल्या.

“त्या भिंतीशी किती बायका बसतात?”

“बावीस.”

“नीट मोजा.”

त्याने बोटांवर मोजलं. बावीसच.

“तेवीस होतात,” वहिनी म्हणाल्या. “मी उभी असते, म्हणून मला धरलं नाहीत का?”

या माणसाला आयुष्यात एवढं कुणी काही बोललं नव्हतं. तो तिथेच बसून रडला, हे त्याने मला स्वतः सांगितलं. मग त्याने थापीचंही सांगितलं. वहिनी हसल्या नाहीत. आपला फोन घेतला आणि एकेका बाईला उठवून सांगितलं, उद्या यायचं नाही. बावीस फोन. तेविसावा मला, रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी.

आता तुम्हाला वाटत असेल, सकाळी भिंत कोसळली. नाही कोसळली. ते गोष्टीत होतं.

सोमवारी सकाळी इंजिनिअरला घेऊन आम्ही गेलो. फोन मशीनला टेकलेला, तसाच. पिशवी तशीच. थापी स्वच्छ पुसून भिंतीला उभी केलेली. आणि चार नंबरच्या जागी चुन्याचे दोन डाग. काच नाही. अख्खी नाही, फुटकी नाही, खाली जमिनीवरही नाही. मी मित्राकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

इंजिनिअरने भेगेत लोखंडी सळई तिरकी, खालच्या बाजूला सरकवली. वीतभर जाऊन अडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती जातच राहिली. मूठ आडवी आली म्हणून थांबली. भिंत बाहेरून दगडी, आतून दगडी, आणि मधला सगळा भराव वर्षानुवर्षांच्या पाण्याने वाहून गेलेला. त्याने सळई हळूच बाहेर काढली आणि आम्हाला हातानेच खूण केली, बाहेर व्हा. बोलायचीही भीती वाटली असावी.

खोली गेली. इमारतीची पुढची बाजू वाचली, ती तुम्ही रोज बघता. वहिनी आता एका गॅरेजमध्ये वर्ग घेतात. सोळा बायका येतात, सहा आल्याच नाहीत. महिनाभर वहिनी नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि त्याला ते कमीच वाटत होतं.

ती भिंत आम्हीच उतरवली. वरून एकेक दगड, त्यावर नंबर टाकून, कारण यंत्र लावलं असतं तर पुढची बाजूही गेली असती. अठ्ठावीस नोव्हेंबरला, दुपारी, आम्ही छातीच्या उंचीला आलो. त्या दिवशी भिंतीशी तो होता आणि मी होतो. ऐकीव सांगत नाही, मी स्वतः होतो.

बाहेरचा एक दगड निघाला. आत पोकळी. चार बोटं जेमतेम शिरतील एवढी. भिंत बांधली त्या दिवसापासून तिथे उजेड गेला नव्हता, माणसाचा हात जायचा प्रश्नच नाही. आम्ही वाकून बघितलं.

भेगेच्या पाठीमागे, आतल्या अंगाला, काचपट्टी बसवलेली होती. दोन्ही टोकं चुन्यात. कडा सारख्या केलेल्या. काच मधोमध तडकलेली. तिच्यावर तारीख कोरलेली. सतरा नोव्हेंबर.

 त्याने एक बोट आत घातलं आणि चुना दाबून बघितला. नख सहज आत गेलं. अकरा दिवस झाले होते, आणि ते अकरा दिवस कडक ऊन होतं.

मंडळाच्या दप्तरात आम्ही हे लिहिलं नाही. तुम्हीही लिहू नका. ती काच, चुन्यासकट, त्याच्या घरी स्वयंपाकघराच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली आहे. मागे एकदा मी वहिनींना म्हटलं, “असली वस्तू घरात कशाला? टाकून द्या.”

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्या रात्री हे मला आपणहून सांगणार नव्हते. कुणीतरी यांच्याकडून वदवून घेतलं. त्याची वस्तू मी कशी टाकू?”

याला आता सहा वर्षं झाली. दर रविवारी वहिनी त्या पुडीचा कागद बदलतात. बदलावाच लागतो. ओला झालेला असतो.