नारकोटची पोती

उत्तरेच्या सरहद्दीवरचा नारकोट किल्ला पहाटेच्या धुक्यातून हळूहळू वर येत होता. आधी बुरुज, मग तट, मग तटाखालचे ते पडीक शेत, जिथे एकतीस दिवस आभाळातून धान्य पडत आले होते. १९४८ सालचा हिवाळा तोंडावर होता. आत मराठा पलटणीचे चारशे जवान आणि आसऱ्याला आलेली तेवढीच रयत, भोवतीच्या टेकड्यांवर शत्रूचे मोर्चे, आणि रसद पोचवायला वाट एकच उरलेली, ती वरून.

ती वाट डाकोटा विमानांच्या एका स्क्वाड्रनने राखली होती. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या रानावर तांदूळ टाकता टाकता ही स्क्वाड्रन घडली होती. तिच्या विमानांवर ना तोफ होती, ना बंदूक. लढाऊ वैमानिक तिला किराणा स्क्वाड्रन म्हणत, आणि तिच्या माणसांत आता त्या थट्टेवर चिडण्याइतकेही त्राण उरले नव्हते.

हवालदार गणोजी पालव विमानाच्या उघड्या दारापाशी पोत्यांना टेकून बसला होता. वय चव्वेचाळीस, पाठ ऐंशीची झालेली. दारातून पोती ढकलणे हे त्याचे काम, आणि ती शिवणे हेही त्याचेच. अर्धे भरलेले पोते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचे, म्हणजे आपटून आतले फुटले तरी दाणा बाहेरच्यात राहतो. बाहेरच्या पोत्यावर तो ओळखीची खूण म्हणून डांबराचे दोन रुंद पट्टे ओढी.

"घाग, ही शिवण तुझी ना?" त्याने जोडीदाराला विचारले. "सापाने चालावे तशी गेली आहे. हवेतच उसवेल."

"दादा, माझी पोती माझ्या सासूसारखी आहेत," नाईक लक्ष्मण घाग म्हणाला. "दिसायला वाकडी, पण आपटली तरी फुटायची नाहीत."

पालव हसला नाही, पण त्याला बरे वाटले.

दोन दिवस ढगांनी विमाने अडवून धरली होती. किल्ल्याच्या बिनतारी यंत्राची बॅटरी संपली होती. शेवटचा निरोप आला तेव्हा आत दोन दिवसांचे पीठ होते, आणि पश्चिमेला बर्फाचे ढग दाटत होते. आजची खेप चुकली तर बर्फ थांबेपर्यंत पुढची नाही. तोवर किल्ला जगणार नव्हता.

खाली शेतात नेहमीची पांढऱ्या कापडाची खूण पसरलेली दिसली. ती खूण दिसली की पोती सोडायची, आणि ठरल्या उंचीखाली उतरायचे नाही, असा हुकूम होता. पोती सोडण्याची घंटा दारावर वाजली. घागने पहिल्या पोत्याला खांदा लावला.

"थांब," पालव म्हणाला.

रोज विमानाचा आवाज आला की आतली माणसे तटाच्या दिंडी दरवाजातून शेताकडे धावत सुटत. पोते पडण्याआधीच चार हात पुढे झालेले असत. आज तिथे चिटपाखरू नव्हते. त्याने दाराबाहेर मान काढली. किल्ल्याच्या मातकट चौकात काहीतरी काळपट, आडवेउभे पसरले होते.

धरत धरत तो वैमानिकापाशी गेला. फ्लाइट लेफ्टनंट श्रीनिवास कारखानीसचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

"साहेब, शेत शत्रूच्या हाती पडलं असावं. चौकात माझी पोती अंथरलेली वाटतात."

"वाटतात? हवालदार, खूण शेतात आहे. हुकूमही शेताचाच आहे."

"होय साहेब. पण भुकेलेला माणूस विमान बघून घरात बसत नाही. एकदा खाली उतरून बघू द्यावं."

"खाली म्हणजे त्यांच्या मोर्च्यांच्याही खाली."

"होय साहेब."

"चूक निघाली तर जबाब मी देईन," कारखानीस थकलेल्या आवाजात म्हणाला, "आणि गोळ्या आपण सगळे खाऊ. जा, दार सांभाळा."

विमान दरीत इतके उतरले की टेकड्यांवरच्या मोर्च्यांतून गोळ्या वरून खाली येऊ लागल्या. पत्रा फाटत होता. शेताच्या बांधाआड दबा धरलेले परके सैनिक आता स्पष्ट दिसले, आणि चौकात डांबराचे पट्टे, जोडीजोडीने.

"माझीच आहेत," पालव ओरडला. "ढकल."

चौक एवढासा, एका फेरीत सहाच पोती पडत. कारखानीसने सात फेऱ्या घातल्या. सहाव्या फेरीत घाग मटकन बसला आणि छातीवर हात दाबून म्हणाला, "दादा, मी जरा बसतो. तुम्ही चालू ठेवा." सातव्या फेरीची सहाही पोती पालवने एकट्याने ढकलली. मग वळून पाहिले, तेव्हा घागला काही सांगण्यात अर्थ उरला नव्हता.

त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झाले. नारकोट टिकला. हुकूम मोडल्याबद्दल कारखानीसची चौकशी झाली आणि पुढे ते कागद कुठेतरी पडून राहिले.

वसंतात रस्ता मोकळा झाला, तेव्हा पालव लॉरीने किल्ल्यात गेला. म्हातारे सुभेदार राणोजी भोइटे त्याला चौकात घेऊन आले.

"शेत पडलं त्या दिवशी आमचं कापड तिथंच राहिलं," ते म्हणाले. "दुसरं असतं तर अंथरलं असतं. पण औषधांच्या पेट्यांसोबत आलेलं पॅराशूटचं कापड होतं नव्हतं ते जखमांना आणि मयतांना लागलं. मग पोती उलगडली. म्हटलं, ज्यानं शिवली तो ओळखेल."

भिंतीशी रिकाम्या पोत्यांची चळत होती. सुभेदारांनी वरचे एक उचलले.

"बरीचशी दगडावर आपटून आतली बाहेरची दोन्ही फुटली. दाणा दाणा वेचला आम्ही. ही चार तेवढी शाबूत राहिली. पण शिवण बघा, कशी वाकडी. कोणाची हो?"

पालवने पोते हातात घेतले आणि त्या शिवणीवरून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"आमच्या घागची," तो म्हणाला. "त्याला मी बोललो होतो."